उतारावर बंद पडणारी मायनर

डॉक्टरांसमोर बसले की दुखणाइताचा खोकला थांबतो, तशी गत आमच्या मॉरिस मायनरची झाली होती. रस्त्यात बंद पडायची आणि मिस्त्रीच्या दारात उभी केली की घड्याळासारखी चालायची.

गाडी वडिलांची. मायनर बाजारात आली १९४८ साली. आमची १९६२ नंतरची, १०९८ सीसी एंजिनाची. असल्या गाडीवर जीव जडतो, म्हणून तिची खोट आम्ही वर्षभर पोटात घातली. पण एका सकाळी वाकवाहून पोर्ट लुईसकडे उतरताना एंजिन एकाएकी मेले. मागच्या सीटवर नातू आणि त्याच्याही मागे उसाने भरलेला ट्रक! गाडी कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवताच लगेच सुरू झाली, जणू काही घडलेच नाही. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, आता विकून टाका हिला." तिचे काय चुकले होते?

तोवर प्लग, कॉइल, कंडेन्सर सगळे नवे घातले होते. पेट्रोलचा पंपही उघडून पाहिला होता. दर वेळी चार दिवस बरे जात आणि आम्ही खूष. अधूनमधून येणारी खोट अधूनमधून जातेही, आणि श्रेय मात्र शेवटी बदललेल्या भागाला मिळते.

मग नवे काही विकत न घेता एक जुनी वही काढली. गाडी कुठे बंद पडली, कशी पडली, ते लिहू लागलो. पेट्रोल कमी पडले तर एंजिन आचके देत, खोकत मरते. करंट गेला तर दिवा मालवावा तसे. आमचे एकदम मरे. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असता, तर गाडी गार होईपर्यंत थांबावे लागले असते. तेही नाही. क्युरपीपचा चढ पॅडल दाबून चढताना एकदाही नाही, जागेवर नुसती चालू ठेवली तरी नाही. उतारावर किंवा सपाटीवर पाय हलका असताना मात्र हमखास!

इथे डोक्यात प्रकाश पडला. पाय हलका असताना कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी हवा ओढते आणि डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची पट्टी थोडी फिरवते, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडते. जागेवर एंजिन चालू असताना ती पट्टी हलतच नाही. मिस्त्री बिचारा तेव्हाच तपासणार!

गाडी घरासमोर उभी केली, न्यूट्रल आणि हँडब्रेक. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडला, दुसरे टोक बॉडीला. पॉइंट उघडतात-मिटतात तसा तो लुकलुकत होता. मग नळी कार्ब्युरेटरपासून सोडवली आणि तोंडाने ओढली. (शेजारी कुंपणावरून बघत होते, काय समजले असतील देव जाणे.) एंजिन मेले आणि बल्ब स्थिर जळत राहिला! म्हणजे करंट कॉइलपर्यंत येत होता, पण पॉइंटमधून जमिनीला मिळत नव्हता. बल्ब विझला असता तर किल्लीकडची वायर तपासावी लागली असती, किंवा कुठे तार बॉडीला चिकटली आहे का ते.

झाकण काढले. आत पॉइंटकडे जाणारी बोटभर तार वरून धडधाकट, पण हळूच ताणली तर रबरासारखी लांबली. आतले तांबे तुटलेले, टोके एकमेकांना नुसती टेकलेली. पट्टी फिरली की ती सुटत.

नवी तार बारीक पदरांची, लवचिक घातली. साधी जाड तार त्या हालचालीत पुन्हा तुटते. पॉइंटची फट ०.०१५ इंचावर लावली आणि सौ.ला घेऊन थेट पोर्ट लुईसपर्यंत उतरलो. गाडी एकदाही अडखळली नाही. सौ. मात्र अजून दाराची कडी धरूनच बसते.