नट आवळलाय, तरी सुटतो कसा?

बाइकची नंबर प्लेट खडखडायला लागली की आपण काय करतो? पाना घेतो, कचकचून आवळतो आणि विसरून जातो. दोन महिन्यांनी परत तीच खडखड. मग खापर खड्ड्यांवर, नाहीतर मेकॅनिकवर! खड्ड्यांचा हात आहेच म्हणा, पण ते नेमकं करतात काय?

आधी एक गैरसमज काढून टाका. नुसतं आट्यांत अडकून बोल्ट काही धरून ठेवत नाही. नट आवळत नेलात की बोल्ट किंचित ताणला जातो. हो, स्टीलचा बोल्टसुद्धा! रबरबँडसारखा तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने मधले भाग एकमेकांवर दाबले जातात. या ताणाला प्रीलोड म्हणतात. गंमत म्हणजे पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच संपतो. ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. आटे गंजलेले असतील तर ‘हाताला घट्ट लागलं’ याला फारसा अर्थ नाही, जोर गंजाशी भांडण्यातच गेलेला असतो.

हा ताण दोन वाटांनी जातो. पहिली साधी आहे. रंगाचा थर, पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाबाखाली हळूहळू बसतात. नट जराही फिरत नाही, तरी ताण उतरतो. म्हणून चाक काढून बसवलं की थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासायचे असतात.

दुसरी वाट जास्त भारी. तिरक्या फळीवर डस्टर ठेवा. घर्षणामुळे तो जागेवर राहतो. आता त्याला नुसतं डावी-उजवीकडे हलवा. हलवताय आडवं, पण तो खाली सरकत येतो! घर्षण सगळं आडव्या हालचालीला अडवण्यात गुंतलं, उतारावर धरून ठेवायला काही उरलंच नाही. बोल्टचे आटे म्हणजे गोल गुंडाळलेला उतारच. जोडातले भाग आडवे घसरू लागले की प्रत्येक धक्क्याला नट कणभर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा हे आडवे धक्के कितीतरी घातक असतात. त्याच्या पद्धतीची चाचणी आजही वापरतात.

आणि आपला लाडका स्प्रिंग वॉशर? नासाच्या १९९०च्या फास्टनर मॅन्युअलने त्याची पार हवाच काढली आहे. नट पूर्ण आवळेपर्यंत तो चपटा झालेला असतो, मग त्याच्यात आणि साध्या वॉशरमध्ये फरक काय राहिला?

नंबर प्लेट पडली तर दंडावर भागेल. २३ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडमध्ये ग्रेरिगजवळ तेवढ्यावर भागलं नाही. रुळांच्या सांध्यातल्या आडव्या दांडीचा बोल्टचा जोड सुटत गेला, इतर दांड्याही निकामी झाल्या. ताशी सुमारे दीडशे किलोमीटर वेगाने आलेल्या गाडीचे नऊच्या नऊ डबे घसरले. एका प्रवासी महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. त्या सांध्याची पाहणी पाच दिवस आधी ठरलेली होती, ती झालीच नव्हती. आपल्याकडे पाना-हातोडा घेऊन रुळांवरून पायी फिरणारा कीमन लोकलच्या खिडकीतून दिसतो ना, तो हेच काम करत असतो.

तुमच्या गाडीपुरता एक स्वस्तातला उपाय आहे. नट व्यवस्थित आवळला की नट, बोल्टचं टोक आणि खालचा पत्रा, तिन्हींवरून परमनंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरलाय. रेघ जुळलेली असली तरी अधूनमधून पाना लावून बघा. पहिल्या वाटेने गेलेला ताण रेघेवर दिसत नाही.