शिबिरातील ‘शारदा’ : अभिजात नाटक आणि मुलांची तालीम

उन्हाळ्याच्या सुटीतील नाट्यशिबिरांत मुलांसाठी बहुधा परीकथेवर किंवा निखळ विनोदावर आधारलेले बालनाट्य निवडले जाते. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ स्थापन करून रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. मराठी बालरंगभूमीची ही वाट पुढे रुळली आणि ती मोलाचीही ठरली. परंतु मोठ्यांसाठी लिहिलेले अभिजात नाटक मुलांनी बसवायला घेतले असता काय घडते, हा प्रश्न निराळा आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) हे त्याचे बोलके उदाहरण होय.

द्रव्यलोभी कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी शारदा हिचा विवाह पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी ठरवतो आणि भद्रेश्वर दीक्षित त्यात दलाली करतो, एवढे कथानक अमराठी अभ्यासकांस पुरेसे आहे. पुराणकथांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर या नाटकाने घरातली व्यथा आणि घरातलीच भाषा आणली. मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. संवाद बोलीच्या वळणाचे असून पदे आटोपशीर आहेत. त्यामुळे पाठांतर अवघड जात नाही. अडते ते ‘सगोत्र’, ‘सप्तपदी’ यांसारख्या शब्दांपाशी. त्यांचा अर्थ सांगायचा तर त्यामागची समाजव्यवस्थाही सांगावी लागते.

नाटकमंडळ्यांच्या काळात तालीम हेच नटाचे विद्यालय होते. देवल स्वतः नाणावलेले तालीममास्तर होते, आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनाही त्यांचे शिक्षण लाभले. त्या व्यवस्थेत शारदेची भूमिका पुरुष नट करीत. शिबिरात ती एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी करते. पात्राचे वय आणि नटाचे वय यांतले अंतर जवळजवळ नाहीसे होते, आणि नाटकाचा अर्थ इथेच पालटू लागतो.

भुजंगनाथाच्या वयाविषयीचे प्रसिद्ध पद व्याजस्तुतीचे आहे. मुलांना त्यातली थट्टा प्रथम कळते आणि तालमीत हशा पिकतो. हा हशा शिक्षकाने दडपू नये. देवलांनाही तो हवाच होता. पण पुढे शारदेच्या भीतीचा प्रवेश आला की त्याच हशाचे मोल बदलते. ज्याला हसलो त्याच्याच घरी या मुलीला जावयाचे आहे, ही जाणीव व्याख्यानाने होत नाही. प्रवेशांच्या क्रमाने होते. म्हणून निवडक प्रवेश सुटे न बसवता हे दोन्ही प्रवेश लागोपाठ घेणे इष्ट ठरते.

खरी कसोटी शेवटाशी आहे. शारदेची सुटका तिच्या नकारामुळे होत नाही. वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो, म्हणून विवाह मोडतो. गोत्र भिन्न असते तर काय झाले असते, हा प्रश्न चौकस मूल विचारल्याखेरीज राहत नाही. त्याचे उत्तर नाटकात नाही, इतिहासात आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली होती. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरण्यास १९२९ साल उजाडले. तो कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, परंतु ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले, देवलांच्या नायिकेवरून नव्हे. ही वयोमर्यादा १९७८ मध्ये अठरा झाली आणि २००६ मध्ये बालविवाह-प्रतिबंधाचा नवा कायदा आला. तरीही ही प्रथा समूळ नाहीशी झालेली नाही.

अशा वेळी शेवट बदलून शारदेच्या तोंडी आजचा निषेध घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. देवलांनी धर्मशास्त्राचा आधार घेतला, कारण त्यांच्या प्रेक्षकांना तोच मान्य होण्यासारखा होता. संहिता जशीच्या तशी ठेवली, तरच मुलीच्या इच्छेला तेव्हा किती थोडी जागा होती हे शारदेच्याच वयाच्या मुलांना उमगेल. अभिजात नाटक मुलांच्या हाती देण्याचे प्रयोजन जुन्या पदांच्या जतनापुरते नाही. नाटकाने अर्धवट सोडलेला प्रश्न पुढच्या पिढीने पुन्हा विचारावा, यासाठीही ते आहे.