पहिली कयाक घेताना



आपल्या वर्गातल्या दोघांच्या घरी सध्या कयाक घ्यायची बोलणी चालू आहेत. पर्यटक येतात, दोन खोल्या रिकाम्या आहेत, खाडी तर दारातच आहे, मग एक कयाक घेऊया, असा विचार. आमच्या काकांनीही गेल्या वर्षी असाच विचार केला होता. त्यांची पहिली कयाक आमच्याकडे फक्त तीन आठवडे राहिली. कयाकला काही झाले नाही, काकाच मोठ्या संकटातून वाचले. म्हणून गुरुजींना विचारून मी या वेळी कवितेऐवजी हा लेख लिहिला आहे. मोजमापे सगळी काकांच्या वहीतली आहेत.

आधी कयाक म्हणजे काय ते सांगते. कयाक ही एक-दोन माणसांची लांबट, हलकी होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पसरट असते. ते मधोमध धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचे. ही होडी मूळची आपल्याकडची नाही. ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इतर प्रदेशांत इन्युइट लोक राहतात, त्यांची ती शिकारीची होडी. तिकडे झाडे नाहीत. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. प्रत्येकाची कयाक त्याच्या स्वतःच्या अंगाच्या मापाने होई. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते त्याच्या तिप्पट लांबी, आणि रुंदी म्हणजे आपली कंबर अधिक दोन मुठी. शिंपी सदऱ्याचे माप घेतो तसेच. तिकडचे पाणी बर्फासारखे गार, अंगावर पडले तर माणूस गारठून मरेल. म्हणून वरून सगळी बंद आणि मध्ये बसण्यापुरतेच भोक. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण काकांची पहिली चूक इथेच झाली.

काकांनी जुनी, वापरलेली कयाक आणली. चौदा फूट लांब, फक्त अठ्ठावन्न सेंटिमीटर रुंद, वरून बंद, मध्ये भोक. रंग पिवळाधमक. विकणाऱ्याने सांगितले, "खूप पळते." काकांनी विचारले, "किती?" आणि पैसे दिले. घरी आल्यावर आजोबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढेच म्हणाले, "रंग बघून बैल घेतत काय रे?"

दिवाळीच्या पाडव्याला, जेवण झाल्यावर, दोनच्या सुमारास काका ती घेऊन कर्लीच्या खाडीत गेले. मी आणि माझा धाकटा भाऊ धक्क्यावर उभे होतो. जाळे शिवत बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली, "उधाणाची सुकती असा, खंय चललंस?" काकांनी हात हलवला. पहिली दहा मिनिटे छान गेली. मग ते एका अंगाला कलले, सावरायला दुसऱ्या अंगाला कलले, आणि उलटे झाले. भोकातून ते बाहेर आले खरे, पण कयाक आत पाण्याने गच्च भरली. ती सरळ करता येईना, सोडताही येईना. लाइफजॅकेट होते, पण ते सैल. ते वर सरकून त्यांच्या कानांपर्यंत आले आणि तोंड पाण्यातच. आणि सगळे मिळून खाडीच्या मुखाकडे वाहत निघाले. भाऊ रडायला लागला. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. शेवटी दोघे मच्छीमार उलांडीची होडी घेऊन गेले आणि त्यांनी काकांना ओढून आणले. काकी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही.

मग सुट्टीभर आमच्या घरी एकच विषय होता, असे का झाले? आजोबा, काका, माझे बाबा आणि ते जाळेवाले आजोबा बोलत बसत. मी आणि भाऊ ऐकत असू. त्यातून जे समजले ते सांगते.

पहिले कारण रुंदी. तुम्ही घरी एक प्रयोग करा. हौदात एक परात सोडा आणि माडाची एक पोय सोडा. दोन्हीत सारखाच दगड ठेवा. दगड थोडा बाजूला सरकवला तर परात नुसती कलते, पोय लगेच पालथी होते. रुंद आणि सपाट तळ असला की कलल्या बाजूला जास्त पाणी ढकलले जाते आणि तेच पाणी होडीला परत वर लोटते. आपल्याकडच्या अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात ती यासाठीच. शिकणाऱ्या मोठ्या माणसाला साधारण पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर रुंदीची कयाक बरी. अरुंद कयाक पळते हे खोटे नाही. मोठ्या लाटेत तर रुंद सपाट होडी लाटेबरोबर कलते आणि मुरलेल्या माणसाला अरुंद, गोल तळाचीच बरी वाटते. पण त्यासाठी आधी मुरायला हवे. काकांना जेमतेम दहा मिनिटे झाली होती.

दुसरे कारण वजन. प्रत्येक कयाकवर ती किती भार घेईल ते लिहिलेले असते. काकांच्या कयाकवर ११० किलो लिहिले होते. काका ८४ किलोंचे. म्हणजे चालायला हवे होते, असे मला वाटले. पण लिहिलेला भार हा शेवटचा भार असतो. तेवढा घातला तर कयाक बुडत नाही, पण पाण्यात खोल बसते, जड होते आणि लाट आत येते. म्हणून त्याच्या दोन तृतीयांशच धरायचा. ११० चे दोन तृतीयांश सुमारे ७३. काका अकरा किलोंनी जास्त झाले. (हे गणित मी फळ्यावर सोडवले तेव्हा काका म्हणाले, आता भाकरी कमी करतो. केली नाही.) आणि नुसते माणसाचे वजन धरू नका. ओले कपडे, पाण्याची बाटली, डबा, सगळे धरा.

तिसरे कारण ते भोक. आपल्याकडे पाणी गार नाही. मग वरून बंद कयाक कशाला? हल्ली वर बसायच्या कयाक मिळतात. त्या आतून पोकळ आणि चारी बाजूंनी बंद असतात, आपण वर खोलगट जागेत बसतो. त्या जागेत आरपार भोके असतात. आत आलेले पाणी त्यांतून खाली निघून जाते. उलटली तर तिच्यात पाणी भरत नाही. ती सरळ करायची आणि परत चढून बसायचे. बंद कयाकमध्ये पुढेमागे आडव्या पडद्या असतील तर तीही तरंगते, पण काकांच्या कयाकमध्ये पडदी एकही नव्हती. घेताना त्यांनी आत डोकावूनही पाहिले नव्हते.

चौथे कारण कयाकचे नव्हे, वेळेचे. आपल्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आहेत, आठवते ना? दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो. पाडवा म्हणजे अमावास्येच्या लगेच नंतरचा दिवस, म्हणजे उधाण. उधाणाला भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, सगळे पाणी मुखाकडे जोरात ओढले जाते. पाणी बाहेर जात होते आणि वारा आत येत होता. दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास पूर्ण भरती, चतुर्थीला तीनच्या सुमारास, असे. हिशेब ढोबळ आहे, तासभर मागेपुढे होतो, पण दोन वाजता सुकती लागलेली असणार हे त्यावरून कोणालाही कळले असते. पहाटेचा मतलई वारा याच्या उलट. तो समुद्राकडे जातो. पाणी अगदी शांत दिसते, पण हलकी कयाक हळूहळू बाहेर सरकते आणि परत येताना वारा तोंडावर येतो. शिकणाऱ्याने खाडीतच राहावे, भांगाच्या दिवसांत, आणि भरती चढत असताना. म्हणजे दमलो तर पाणीच आपल्याला घराकडे आणते.

ती पिवळी कयाक काकांनी विकली. घेणाऱ्याला सगळे खरे सांगून विकली, म्हणून पैसे कमी आले.

दुसरी घेताना आजोबांनी एक अट घातली, "आधी बसान बघ, मगे पैसे दी." ओळखीच्या एकांकडे पर्यटकांसाठी तीन तऱ्हेच्या कयाक आहेत. त्यांनी आम्हांला एक सकाळ दिली. मला वाटते सगळ्यांत जास्त शिकलो ते याच सकाळी. काका प्रत्येकीत बसले आणि कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटले. उलटून परत चढायला येते का, हीच परीक्षा. चढायची रीत अशी : बाजूने धरायचे, पाय पाण्यात जोरात मारत छाती कयाकवर आणायची, मग पालथे असतानाच कंबर फिरवून बसायचे आणि पाय शेवटी आत घ्यायचे. काकांना पहिल्या वेळी जमले नाही, दुसऱ्या वेळी ते पलीकडच्या बाजूला पडले. आम्ही हसलो. सहाव्या वेळी जमले.

नऊ फुटांची एक होती, ती प्रत्येक वल्ह्याला तोंड डावी-उजवीकडे फिरवी. अरुंद वळणांत ती चांगली, पण लांब जायचे तर माणूस वैतागेल. हवा भरायची एक होती. घडी करून पिशवीत बसते, काकांना फार आवडली. पण आपल्या खडकांवर कालवे आहेत. पाय कापतात तिथे रबराचे काय होणार? शिवाय वारा तिला पत्र्यासारखा ढकलतो. फायबरची कयाक खडकावर आपटली तर तडकते, पण आपल्याकडे होड्यांचे फायबरकाम करणारे मिस्त्री आहेत, ते ठिगळ लावून देतात. जाड प्लॅस्टिकची कयाक वाळूत ओढली, आपटली, तरी सोसते. मात्र फाटली तर साध्या गोंदाने चिकटत नाही, ते प्लॅस्टिक वितळवूनच जोडावे लागते. काकांनी प्लॅस्टिकच घ्यायचे ठरवले.

काकीने एकच प्रश्न विचारला, "उचलतलो कोण?" दोघांची कयाक तेहतीस किलोंची होती. घरापासून पाण्यापर्यंत पाऊलवाट आहे, आणि काका एकटेच नेणार नाहीत, दुसरे टोक काकीकडेच येणार. मग काकीने ती स्वतः उचलून पंचवीस पावले चालून बघितली, आणि एकट्याची, सव्वीस किलोंचीच घ्यायची ठरली. पुरुषमाणसांनी हे आधी विचारात घेतले नव्हते.

तर आता आमच्याकडे आहे ती वर बसायची, अकरा फूट लांब, अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर रुंद, भार १६० किलो. दोन तृतीयांश काढून बघा, काका डब्यासकट बसतात. रंग नारिंगी. रंगाला अगदीच अर्थ नाही असे नाही, लांबून येणाऱ्या यांत्रिक होडीला निळी-हिरवी कयाक दिसत नाही. पिवळ्या कयाकचा तेवढा एक गुण खरा होता.

हीसुद्धा वापरलेलीच आहे. वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण ती पालथी करून बघा. तळाच्या मधल्या कण्यावर किती झीज आहे, आरपार भोकांच्या कडेला बारीक चिरा आहेत का, तळाला खोलगट पोचा आहे का, पाणी काढायचे बूच घट्ट बसते का. मग ती अर्धा तास पाण्यात ठेवा आणि बाहेर काढून हलवा. आत खळखळ आवाज आला तर पुढे बोलू नका.

सगळे पैसे कयाकमध्ये घालू नका. वल्हे हलके हवे, कारण तासाभरात ते शेकडो वेळा उचलायचे असते. लांबी साधारण २२० ते २४० सेंटिमीटर, रुंद कयाकला जास्त लांब. लाइफजॅकेट तर घालूनच बघायचे. सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकले तर ते तुमचे नव्हे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो असलेलेच घ्या. जॅकेटला एक शिट्टी बांधा. काकांकडे पाडव्याला शिट्टी नव्हती आणि आमचे ओरडणे वाऱ्याने खाल्ले.

ठेवायची कशी? उन्हात नको. उन्हाने प्लॅस्टिक फिके होते आणि ठिसूळ होते. आम्ही मांगरात ठेवतो, पालथी, दोन लाकडांवर. तळावर आडवी ठेवली तर गरमीने तळ दबतो. माडाखाली तर मुळीच ठेवू नका, त्याचे कारण वर बघितले की कळेल.

मला अजून कयाकमध्ये बसायला मिळालेले नाही. आईची अट आहे की आधी मी जॅकेट घालून पन्नास मीटर पोहून दाखवायचे आणि पाच वेळा उलटून पाच वेळा चढायचे. पोहणे झाले. चढणे तीन वेळा झाले आहे.

येत्या रविवारी अष्टमी आहे, पाण्याला जोर नसेल. ज्यांच्या घरी घ्यायचे चालले आहे त्यांनी वडिलांना घेऊन सकाळी आमच्या मांगरात यावे. काका कयाक पालथी करून दाखवणार आहेत आणि ज्यांना बसून बघायचे त्यांना धक्क्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात बसवणार आहेत. दुसरे कोरडे कपडे बरोबर आणा. काकी म्हणते, आईंनाही आणा, उचलून बघायला.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी