उसन्या भागांची मोटार

मोटारीच्या पुढच्या चाकाचा एखादा भाग झिजला, तर आपण काय करतो? दुकानात जाऊन गाडीचे नाव व साल सांगतो. दुकानदार यादी पाहतो आणि डबा काढून देतो. पण समजा, तुमच्या गाडीचे नाव कोणत्याच यादीत नाही. मग?

सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरी जोडलेल्या मोटारीच्या, म्हणजे ‘किट कार’च्या मालकापुढे नेमका हाच प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये अशा गाड्या बऱ्याच झाल्या, कारण तयार मोटारीवरचा खरेदीकर संचाला लागत नसे. (१९७३ साली तो करच गेला.) कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची ‘लोटस सेव्हन’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. पण अशा छोट्या कारखान्याला प्रत्येक भाग स्वतः ओतणे व घडवणे कुठले परवडणार? सेव्हनच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा ट्रायम्फ कंपनीच्या हेरल्ड-स्पिटफायर गाड्यांचा असे. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड तुमच्या आजोबांना आठवत असेल, ती याच हेरल्डची भारतीय बहीण.

तेव्हा शोधाची पहिली पायरी म्हणजे भाग मुळात कोणत्या गाडीचा, हे ओळखणे. त्यासाठी ओतीव अंक वाचायचे, व्हर्नियरने व्यास मोजायचे, आट्यांमधले अंतर पाहायचे. गाडीच्या नावापेक्षा ही मापेच अधिक खरी बोलतात.

हा दांडा मोठा मजेदार आहे. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते तांब्याच्या मिश्रधातूच्या एका ठोकळ्यात फिरतात. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की दांडा स्क्रूसारखा ठोकळ्यात थोडा फिरतो. आता आरशासमोर एक स्क्रू धरून पाहा. उजव्या आट्यांच्या स्क्रूची प्रतिमा डाव्या आट्यांची दिसते. गाडीची डावी व उजवी बाजूही एकमेकींच्या अशाच प्रतिमा असतात, म्हणून एका बाजूच्या दांड्याला उजवे आटे, तर दुसऱ्या बाजूच्या दांड्याला डावे. टेबलावर ठेवलेले दोन दांडे सारखेच भासतात. पण चुकीच्या बाजूचा आणलात तर तो ठोकळ्यात शिरणारच नाही. ही चूक निदान लगेच कळते!

स्प्रिंगची चूक मात्र लपून राहते. स्प्रिंगची दृढता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. दोन स्प्रिंगांची उंची, वेढे व वेढ्यांचा व्यास अगदी सारखा, पण एकीची तार १० मिलिमीटर आणि दुसरीची ११. १.१ चा चौथा घात करा : १.४६. म्हणजे दुसरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक ताठ! दोन्ही जागेवर बिनतक्रार बसतील.

शिवाय स्पिटफायरचे वजन सातशे किलोंच्या वर, तर सेव्हनचे पाचशेच्या आसपास. तीच स्प्रिंग ठेवून त्यावरचे वस्तुमान ७०० ऐवजी ५०० एकक केले, तर आंदोलनाची वारंवारता १.४ च्या वर्गमुळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. गाडी खड्ड्यांवर टणाटणा उडू लागते, चाक रस्ता सोडते. आणि रस्ता सोडलेले चाक ना वळते, ना ब्रेकने थांबते. म्हणून दांडा उसना घ्यावा, स्प्रिंग घेऊ नये. (प्रयोगशाळेत स्प्रिंगला पारडे टांगून वजने बदला व आवर्तकाल मोजा, हा नियम तुम्हांलाही पडताळता येईल.)

स्पिटफायरचे उत्पादन १९८० साली थांबले. त्यामुळे मूळ दांडा हवा असेल तर तो जुनाच मिळणार, आणि खरा धोका तिथे आहे. ट्रनियनला गिअरचे पातळसर तेल द्यावे लागते. त्याऐवजी घट्ट ग्रीज भरले, तर ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. पाणी शिरते, पोलाद गंजते, आणि प्रत्येक आट्याच्या खाचेत ताण एकवटत असल्याने बारीक भेग तिथूनच सुरू होते. एखाद्या वळणावर दांडा मोडतो आणि चाक गाडीखाली दुमडते.

अशी भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दांडा स्वच्छ धुऊन, वाळवून त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव लावतात. केशाकर्षणाने ते भेगेत शिरते. काही मिनिटांनी वरचे द्रव पुसून पांढरी पूड फवारतात. भेग असेल, तर आत दडलेला रंग पुडीत ओढला जातो आणि आट्याच्या तळाशी लाल रेघ उमटते. तसा दांडा फुकट मिळाला तरी घेऊ नये.