पालकाच्या सहीची जागा

लकडगंजच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हा आसपासच्या आरामशिनींचा भुसा लेजरवरही बसायचा. एकदा दोन बाया पोराचं खातं उघडायला आल्या. तो एकीला आई म्हणे, दुसरीला माई. माईनं पेन उचललं, पालकाच्या सहीची एकच जागा पाहिली आणि ठेवून दिलं. नातं मी विचारलं नाही. धीरच झाला नाही म्हणा ना!

दोन आयांच्या घरांतली मुलं कशी वाढतात, हे अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल १९८६ पासून पाहत आल्या. २०१८ साली पंचविशीतल्या ७७ जणांचा निष्कर्ष आला : मानसिक आरोग्यात इतरांहून लक्षणीय फरक नाही. (नमुना लहान खरा, पण इतर अभ्यासही बहुतांशी हेच सांगतात.)

आपल्याकडे अविवाहित जोडप्याला मिळून दत्तक घेता येत नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना तो नियम मान्य नव्हता, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो ३ विरुद्ध २ मतांनी टिकला. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं आणि नॉमिनेशनला आडकाठी नाही, हे मात्र केंद्र सरकारनं २०२४ साली स्पष्ट केलं. म्हणजे खात्यावर दोघींची नावं चालतील. दत्तकाच्या कागदावर एकीचंच.

ते पोर सज्ञान होण्याआधी आई गेली असती, तर त्याच्या खात्यावर पुढची सही माईला करता आली असती का? मी अधिकारी होतो. मला 'नाही' म्हणावं लागलं असतं.