पाचटाचा धूर : बांधावरून थेट घरात



तोडणी करून टोळी पुढच्या फडात गेली की रानात गुडघाभर पाचट उरते. संध्याकाळी काडी लावली की तासाभरात रान मोकळे होते. खेड, मावळ, मुळशी आणि हवेली तालुक्यांत हे नेहमीचे दृश्य आहे. त्यामागील अडचणीही खऱ्या आहेत. चाकण, भोसरीच्या कारखान्यांमुळे शेतीला मजूर मिळत नाही, पाचटात औत अडकते, विंचू-सापाची भीती वाटते. परंतु आता आपल्या शिवाराला वस्ती भिडली आहे. कित्येकांनी बांधालगत खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. त्यामुळे पेटवलेल्या फडाचा धूर प्रथम आपल्याच घरात आणि आपल्याच भाडेकरूंच्या खोलीत शिरतो.

धुरात काय असते?

एक टन भाताचा पेंढा जाळला तर सुमारे ३ किलो सूक्ष्म कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साईड आणि १,४६० किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. उसाच्या पाचटाच्या धुरातही हेच घटक असतात. यातील सर्वात घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी त्यांच्या सुमारे तीसपट भरेल. नाकातील केस हे कण अडवू शकत नाहीत, म्हणून ते थेट फुप्फुसात उतरतात. दम्याचे रुग्ण, लहान मुले व वृद्ध यांना त्यांचा त्रास लवकर होतो. सन २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार हवेत या कणांचे चोवीस तासांचे प्रमाण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

धूर वर का जात नाही?

गाळप हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. थंडीत सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते व जमिनीलगतची हवाही थंड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. थंड हवा जड असल्याने वर चढत नाही, वाराही मंद असतो. कढईवर झाकण ठेवावे तसा हा प्रकार आहे. कारखाने, वाहने व रस्त्यावरील धूळ यांनी हवा आधीच भरलेली असते, त्यात संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाची भर पडते आणि ती सकाळपर्यंत तशीच रेंगाळते. या पट्ट्यातील सर्व प्रदूषण शेतकऱ्यामुळे होते असे मुळीच नाही. मात्र आपला वाटा नेमका वाईट वेळी पडतो.

जळते ते आपलेच धन

एक हेक्टर उसापासून ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात नत्र ०.४२ ते ०.५० टक्के, स्फुरद ०.१७ ते ०.२० टक्के, पालाश ०.९० ते १.०० टक्के व सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. म्हणजे १० टन पाचटात ४२ ते ५० किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या दोन पोत्यांतही एवढे नत्र मिळत नाही. जाळल्यावर नत्र व कर्ब बहुतांशी हवेत जातात. मागे राहिलेल्या राखेत पालाश असतो, परंतु वाऱ्याने राख उडून जाते. वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू मरतात ते वेगळेच.

खोडव्यात पाचट असे ठेवावे

१. बुडख्यांवरील पाचट बाजूला सारून सरीत दाबावे व बुडखे उघडे करावेत.

२. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, म्हणजे जमिनीखालील डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात.

३. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया व १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट सारखे पसरावे. त्यानंतर पाचट कुजविणारे जिवाणू खत १० किलो, शेणखतात मिसळून टाकावे.

४. पाणी द्यावे. वाफसा आल्यावर पाचट मातीशी दाबून घ्यावे.

साधारण साडेतीन ते चार महिन्यांत पाचट कुजते. तोपर्यंत ओल टिकते व तणही कमी उगवते. खोडवा ठेवायचा नसेल तर ट्रॅक्टरवरील कुट्टी यंत्राने पाचटाचे तुकडे करून ते नांगरटीत गाडावे. मजूर मिळत नसल्यास चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून यंत्र भाड्याने आणावे.

भाताचे राब

मावळ-मुळशीत रोपवाटिकेसाठी पालापाचोळा व शेण जाळून राब भाजतात. तणाचे बी मरते आणि रोपे सहज उपटतात, हा त्याचा फायदा आहे. गादीवाफे करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळले, तण वेळेवर काढले, तर न भाजताही निरोगी रोपे तयार होतात. प्रथम एका वाफ्यावर करून पाहावे आणि रोपांची तुलना करावी.

या हंगामात सगळे रान नको, पण निदान दहा गुंठ्यांतील पाचट न जाळता ठेवून पाहा. पुढील वर्षी त्या दहा गुंठ्यांतील माती मुठीत घेऊन शेजारच्या मातीशी ताडून बघा. त्यानंतर काडी ओढायची की नाही, हे आपणच ठरवावे.