गप्प साक्षीदार आणि हरवलेल्या पवनचक्क्या

इंग्लंडमधल्या एखाद्या ग्रामीण पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या गावात आणि त्याच्या शेतशिवारात, गेल्या आठशे वर्षांत किती पवनचक्क्या होऊन गेल्या? प्रश्न साधा वाटतो. एकोणिसाव्या शतकातला सरकारी नकाशा उघडायचा आणि चक्क्या मोजायच्या. तसे केले तर बहुतेक पॅरिशमध्ये उत्तर एक किंवा शून्य येईल, आणि ते चुकीचे असण्याचीच शक्यता अधिक. नकाशा, दप्तर, शेताचे नाव, जमिनीवरचा उंचवटा, जुने लाकूड या सगळ्यांना आपण चक्कीचे साक्षीदार मानतो. पण यातला प्रत्येक साक्षीदार ठरावीक काळाबद्दलच बोलू शकतो आणि इतर काळाबद्दल गप्प राहतो. हरवलेल्या चक्क्यांचा शोध घेणाऱ्याचे खरे काम पुरावे गोळा करून संपत नाही. कोणता पुरावा कुठे आणि का गप्प आहे, हेही त्याला समजून घ्यावे लागते.

आधी कागदपत्रे पाहू. १०८६मध्ये झालेल्या ‘डूम्सडे’ या महसुली पाहणीत इंग्लंडमधल्या सुमारे ६,००० चक्क्यांची नोंद आहे, पण त्यात पवनचक्की एकही नाही. इथे मौनावर भरवसा ठेवता येतो, कारण ही पाहणी उत्पन्नाची साधने मोजण्यासाठीच झाली होती. त्यानंतर शंभर वर्षांनी चित्र पालटते. ११८५मध्ये टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेच्या यादीत यॉर्कशरमधल्या वीडली येथील पवनचक्की वर्षाला ८ शिलिंग भाड्याने दिल्याचे आढळते. ११९१मध्ये बरी सेंट एडमंड्स येथे डीन हर्बर्टने स्वतःची पवनचक्की उभारली. वारा कुणाच्या मालकीचा नसतो, असे त्याचे म्हणणे होते. पण आपल्या चक्क्यांचे गिऱ्हाईक तुटेल म्हणून तिथला मठाधिपती सॅमसन खवळला आणि हर्बर्टला ती पाडावी लागली. या दोन नोंदींमध्ये एक साम्य आहे. चक्की कागदावर आली ती भाड्यामुळे किंवा भांडणामुळे. जिथे ना भाडे होते ना तंटा, तिथे चक्की वर्षानुवर्षे दळत राहिली तरी दप्तरात तिचा मागमूस नसू शकतो. म्हणून मध्ययुगीन दप्तरातल्या मौनाचा अर्थ ‘चक्की नव्हती’ असा लावता येत नाही.

दप्तर गप्प असते तिथे जमीन बोलते. सुरुवातीच्या इंग्लिश पवनचक्क्या खांबाच्या होत्या. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरतो, तसा चक्कीचा पाती, दगड, चक्कीवाला यांच्यासह सगळा लाकडी डोलारा एका जाड उभ्या खांबाभोवती फिरे. वारा फिरला की मागचा लांब दांडा ढकलून तो वाऱ्याच्या तोंडी आणायचा. खांब उभा राही तो एकमेकींवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन तुळयांच्या आधाराने. पूर्वी या तुळया जमिनीत चर खणून बसवत आणि वर मातीचा ढीग रचत. माती भोवतालच्या गोल खंदकातून निघे. त्यामुळे चक्की नाहीशी झाली तरी तीन खुणा उरतात: बुटका उंचवटा, त्याभोवतीचे वर्तुळ आणि आत फुलीच्या आकाराचे चर. बकिंगहॅमशरमध्ये ग्रेट लिनफर्ड येथे, मिल्टन कीन्सचे नवे शहर वसत असताना १९७०च्या दशकात उत्खनन झाले. तिथल्या उंचवट्याखाली अशा ओकच्या तुळयांचे अवशेष मिळाले आणि कार्बन कालमापनाने त्यांचा काळ तेराव्या शतकाच्या आसपास ठरला. पुढे मात्र तुळया जमिनीबाहेर, विटांच्या चौथऱ्यांवर टेकवू लागले. हे चौथरे उचलून नेले की मातीत जवळजवळ काहीच राहत नाही. म्हणजे जुनी चक्की जमिनीत सापडते पण नकाशात नसते. नवी चक्की नकाशात असते पण जमिनीत सापडेलच असे नाही.

यावर पुरातत्त्वाचे अभ्यासक एक रास्त आक्षेप घेतात. गोल खंदकाचा उंचवटा तर कांस्ययुगातल्या दफनस्थळाचाही असतो. मग प्रत्येक टेकाडाला चक्की कसे म्हणायचे? शिवाय दफनाचे तयार टेकाड पाहून त्यावरच चक्की उभारल्याचीही उदाहरणे आहेत. आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तरही आहे. हवाई छायाचित्रात पिकाच्या रंगछटेतून फुली दिसली, तर दफनाची शक्यता मागे पडते. मध्ययुगीन नांगरटीचे लांब वरंबे त्या टेकाडाला वळसा घालून जात असतील, तर नांगर चालत असताना ते जपण्याजोगे होते हे कळते. फुली दिसत नसेल, तर निकाल राखून ठेवावा. नुसत्या आकारावरून चक्की घोषित करू नये.

शेतांच्या नावांनाही हीच शिस्त लावावी लागते. चर्चला धान्यरूपाने द्यावा लागणारा दहावा हिस्सा १८३६च्या कायद्याने रोख रकमेत बदलला गेला. त्यासाठी इंग्लंड आणि वेल्सच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाचे तपशीलवार नकाशे आणि जोडीला जमीनमालक, कसणारा, शेताचे नाव, जमिनीचा वापर यांच्या याद्या तयार झाल्या. त्यात ‘मिल फील्ड’, ‘विंडमिल हिल’ अशी नावे जागोजागी भेटतात. चक्की गेल्यावरही नाव टिकते, म्हणून हा मोलाचा दुवा आहे. पण ‘मिल फील्ड’ पाणचक्कीच्या वाटेवरचेही असू शकते किंवा ‘मिल’ आडनावाच्या कुळाचेही. नाव जागा दाखवते, काळ सांगत नाही. ते शोधाची सुरुवात ठरू शकते, निष्कर्ष नव्हे.

सर्वांत मोठी फसगत वेगळीच आहे: पवनचक्की स्थलांतर करते. ‘जिल’ नावाची चक्की १८२१मध्ये ब्रायटनला उभी राहिली आणि १८५२मध्ये घोडे व बैल जुंपून साउथ डाउन्सवरच्या क्लेटन गावी नेली गेली. दोन काळांतले नकाशे दोन चक्क्या दाखवतील, वस्तू मात्र एकच. ससेक्समधल्या नटली चक्कीत उलटी कथा दिसते. झाडांच्या वार्षिक वलयांवरून केलेल्या कालगणनेत तिचा मुख्य खांब सोळाव्या शतकातल्या झाडाचा निघाला, तर खालच्या आधाराचे लाकूड अठराव्या शतकातले. एकाच चक्कीत दोन शतके नांदतात. म्हणून पॅरिशची यादी करताना ‘जागा’ आणि ‘यंत्र’ यांची नोंद वेगवेगळी ठेवायला हवी; त्यांची सरमिसळ झाली की संख्याही चुकते आणि वयही.

आता लायडार आल्यावर एवढा खटाटोप कशाला, असेही कुणी विचारेल. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंचसखलता टिपणाऱ्या या तंत्राची इंग्लंडमधली माहिती तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१५पासून सर्वांसाठी मोफत खुली केली आहे. झाडीखाली दडलेला फूटभर उंचवटाही तीत दिसतो. पण लायडारला फक्त आकार कळतो. तो उंचवटा कशाचा, हे त्याला सांगता येत नाही. तिथे भौतिकशास्त्राचा नियम मदतीला येतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, आणि नुसता पाचव्या हिश्शाने वाढला तरी शक्ती सुमारे पावणेदोनपट. म्हणून चक्कीची जागा मोकळ्या, वाऱ्याला अडथळा नसलेल्या उंचीवर असणे साहजिक. आडोशाच्या खोलगट जागेतला उंचवटा आणि माथ्यावरचा उंचवटा यांना सारखे वजन देता येत नाही. लायडार, वाऱ्याचे गणित, शेताचे नाव आणि दप्तरातले भाडे, असे एकमेकांवर अवलंबून नसलेले निदान दोन पुरावे एकाच जागेवर येऊन मिळाले, तरच तिथे चक्की होती असे ठामपणे म्हणावे.

एवढ्या काटेकोरपणाने काय साधते, हा शेवटचा आक्षेप. चक्की ही गावाच्या अन्नाची आणि सत्तेची नोंद आहे. जहागीरदाराच्याच चक्कीवर दळण्याची कुळांवर सक्ती असे आणि दळणातला वाटा तो घेई. याच सक्तीपायी सेंट आल्बन्सच्या मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने १३३१च्या सुमारास लोकांच्या घरची जाती जप्त करून मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारखी बसवली. १३८१च्या शेतकरी बंडात लोकांनी तीच फरशी उखडली. चक्की कुठे होती, किती काळ चालली, कधी बंद पडली, यावरून त्या शिवारात धान्य किती पिकत होते, १३४८च्या महामारीनंतर गाव किती ओसरले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी धान्याने आणि पोलादी रोलरच्या गिरण्यांनी गावचे दळण कधी हिरावले, हे कळू शकते. चुकीची यादी या सगळ्या उत्तरांना चुकीची दिशा देते. यांत्रिक नांगर दरवर्षी हे उंचवटे थोडे थोडे सपाट करत आहेत; दप्तरे अभिलेखागारात सुरक्षित राहतील, माती राहणार नाही. म्हणून प्रत्येक पॅरिशने आपल्या चक्क्यांची यादी आत्ताच करावी, आणि तीत सापडलेल्या जागांबरोबर कोणता साक्षीदार कोणत्या काळाबद्दल गप्प आहे तेही लिहून ठेवावे. पुढच्या संशोधकाला नेमके कुठे शोधायचे, ते त्या नोंदीवरूनच कळेल.